बोट कुठवर धरायचं, कधी सोडायचं?

आपल्या रेडिओवर आपण एरवी शेळीपालन, परसबाग, बँकेचं कर्ज, पोरींच्या अंगातलं रक्त अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा उंचावरचा आहे. उपग्रहांचा. पण भाकऱ्या थापत ऐकलंत तरी चालेल, कारण ही गोष्ट शेवटी आपल्या बैठकीतच येऊन थांबणार आहे.

सुरुवातही बैठकीपासूनच करू. गेल्या वर्षीचा जून महिना. दहावीचे निकाल लागलेले. आमच्या एका गटाची बैठक समाजमंदिरात चालू होती. हजेरी झाली, बचत जमा झाली, मागचे हप्ते आले. मग एका ताईंनी कर्ज मागितलं. पंधरा हजार. सचिव ताईंनी रजिस्टर उघडून विचारलं, "कारण काय लिहू?" आपल्याकडे कारणं ठरलेली असतात. शेळी, बियाणं, दवाखाना, घराचे पत्रे. त्या ताई म्हणाल्या, "पोरीला डिप्लोमाला घालायचंय. इलेक्ट्रॉनिक्सला. हॉस्टेलचं डिपॉझिट भरायचंय."

सगळ्या गप्प झाल्या. ही पोरगी आम्हाला माहीत होती. शाळेच्या सहलीत तिनं नारायणगावजवळ खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण पाहिली होती, आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, मला उपग्रहाचं काम करायचंय. तिचे वडील म्हणायचे, आधी पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर दुरुस्त करून दाखव.

मग एक काकू बोलल्या. त्या वाईट मनाच्या नाहीत, गटातल्या सगळ्यात जुन्या सभासद आहेत. त्या म्हणाल्या, "पैसे देऊ गं. पण तिला तिथं अडलं तर सांगायचं कोणी? आपल्यातलं कुणाला त्यातलं काय कळतंय?"

त्या दिवशी ठराव झाला नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला. आम्ही समन्वयक म्हणून गटाच्या वह्या तपासतो, पण या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडेही नव्हतं. आमच्यातलं कोणी बी.ए. झालंय, कोणी बारावी. इंजिनिअरिंगच्या कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही. म्हणून आम्ही शोधायला लागलो, की ज्यांनी रॉकेटं बांधली, उपग्रह बांधले, त्यांना लहान वयात कोणी सांगितलं? त्यांच्या पाठीशी कोण उभं होतं आणि त्यानं नेमकं केलं काय? जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट केरळची. तिरुवनंतपुरमजवळ समुद्रकाठी थुंबा नावाचं कोळ्यांचं गाव. १९६२ साली भारतात अवकाश संशोधनासाठी समिती नेमली गेली आणि तिचे प्रमुख होते अहमदाबादचे विक्रम साराभाई. रॉकेट सोडायला त्यांना थुंबाची जागा पसंत पडली, कारण पृथ्वीचा चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातो. गावात एक जुनं चर्च होतं. ते चर्च आणि शेजारचं बिशपांचं घर या कामाला मिळालं. चर्चमध्ये रॉकेटची जुळणी, बिशपांच्या घरात ऑफिस. रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचा फोटो तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पोरांच्या पुस्तकात पाहिला असेल.

पण आम्हाला चर्चपेक्षा माणसांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. साराभाईंनी मोठमोठे अनुभवी लोक गोळा केले नाहीत. या कामाचा अनुभव असलेले लोक आपल्याकडे होतेच कुठे? त्यांनी तरणी पोरं निवडली आणि १९६३ मध्ये शिकायला अमेरिकेला धाडली. त्यांत अब्दुल कलाम होते, वय एकतीस. त्यांत प्रमोद काळे होते. काळ्यांचा जन्म पुण्याचा, साल १९४१. म्हणजे तेव्हा वय अवघं बावीस! आपल्याकडे बावीस वर्षांच्या पोराला लोक बैलजोडी विकायला एकट्याला बाजारात पाठवत नाहीत. ही पोरं परत आली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ते रॉकेट अमेरिकेचं होतं, लहान होतं, वर जाऊन खाली पडणारं होतं. पण ते सोडणारे हात आपल्या पोरांचे होते. हेच प्रमोद काळे पुढे थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले.

साराभाईंच्या हाताखाली अहमदाबादच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांत आणखी दोन नावं आहेत. एक कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस आणि दुसरे कर्नाटकातल्या उडुपीकडचे यू. आर. राव. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात अचानक गेले, वय बावन्न. भारताचा पहिला उपग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही. तो उपग्रह म्हणजे आर्यभट्ट. वजन ३६० किलो. बंगळूरजवळ पीन्या भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ ला रशियाच्या रॉकेटनं वर गेला. ते काम तडीस नेलं साराभाईंच्या विद्यार्थ्यानं, राव यांनी. आणि रावांच्या हाताखाली कोण होतं? पुन्हा तरणी पोरंच. त्यांच्यातल्या कोणीही आधी उपग्रह बांधलेला नव्हता.

इथं आम्हाला काकूंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. शिकवणाऱ्याला सगळं यायलाच हवं असं नाही. साराभाईंना तरी रॉकेट कुठं बांधता येत होतं? त्यांनी एकच केलं. कामाच्या लायक माणूस ओळखला, त्याला शिकायला धाडलं, आणि परत आल्यावर खरं काम त्याच्या हातात दिलं. नुसतं चहा आणायला, कागद उचलायला ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट पडण्याची आहे. ती सांगताना आमच्यातल्या एकीचा आवाज दाटून आला होता, कारण तिच्या मुलानं बारावीला नापास झाल्यावर घर सोडलं होतं. पोरगा परत आला, पण ते आठ दिवस ती विसरलेली नाही.

१९७९ सालचा १० ऑगस्ट. आंध्र प्रदेशात श्रीहरिकोटा इथून भारतानं स्वतः बांधलेलं पहिलं उपग्रह सोडणारं रॉकेट उडालं. नाव एसएलव्ही-३. प्रकल्पाचे प्रमुख होते कलाम. वर्षानुवर्षांची मेहनत होती. रॉकेटचा पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्यात बिघाड झाला, रॉकेटचा तोल गेला आणि साधारण पाच मिनिटांत सगळं बंगालच्या उपसागरात पडलं.

बाहेर पत्रकार थांबलेले. टीका होणार हे उघड होतं, कारण पैसा जनतेचा. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष होते सतीश धवन. कलामांनी ही आठवण पुढे कितीदा तरी सांगितली आहे. धवन त्यांना मागे ठेवून स्वतः पत्रकारांसमोर गेले. म्हणाले, आज आम्ही अपयशी झालो, पण माझा माझ्या माणसांवर विश्वास आहे, पुढच्या वेळी ते करून दाखवतील. दोष कुणा एकावर ढकलला नाही. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट पुन्हा उडालं आणि ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या दिवशी धवनांनी कलामांना पुढे केलं, आज पत्रकारांशी तुम्ही बोला म्हणून.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलटं होतं की नाही? पोरगं पहिलं आलं की "आमच्या घरचं वळणच तसं." नापास झालं की "तुझंच लक्ष नव्हतं, मी तर किती सांगत होते." गटातही तेच. बँकेनं बक्षीस दिलं तर हार अध्यक्षांच्या गळ्यात, आणि हप्ता थकला तर बोट सचिवाकडे. धवनांची गोष्ट आम्ही त्यासाठी लक्षात ठेवली. मार्गदर्शक कोण, तर पडल्याच्या दिवशी जो पुढे उभा राहतो आणि जिंकल्याच्या दिवशी जो बाजूला होतो.

आता तुम्ही म्हणाल, ही तर मोठ्या सरकारी शास्त्रज्ञांची गोष्ट. विद्यार्थ्यांचं काय? तर कॉलेजातल्या पोरांनी उपग्रह बांधायचे दिवसही आले. २० एप्रिल २००९ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट वर गेला. भारतातल्या एखाद्या विद्यापीठानं तयार केलेला तो पहिला उपग्रह, वजन ४० किलो. १२ जुलै २०१० ला बंगळूर आणि हैदराबादच्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांनी मिळून केलेला स्टडसॅट गेला. त्याचं वजन एक किलोलाही कमी. २०११ मध्ये कानपूरच्या आयआयटीचा जुगनू आणि चेन्नईजवळच्या एसआरएम विद्यापीठाचा एसआरएमसॅट एकाच रॉकेटनं गेले.

आणि मग आपल्या पुण्याचा. शिवाजीनगरचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, ज्याला सगळे सीओईपी म्हणतात. १८५४ सालापासूनचं कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये एक छोटा उपग्रह बांधायला घेतला. नाव ठेवलं स्वयम्. आकार म्हणाल तर एका वितीत मावेल एवढा चौकोनी ठोकळा, प्रत्येक बाजू साधारण दहा सेंटीमीटर. वजन जेमतेम एक किलो. काम काय, तर जमिनीवरून पाठवलेला निरोप घ्यायचा, पोटात ठेवायचा, आणि फिरत दुसऱ्या ठिकाणावर आला की तिथं पोचवायचा. निरोप जायचा रेडिओच्या लहरींवरूनच. म्हणजे एका अर्थी आपल्या या रेडिओचाच भाऊबंद.

आकाशात गेल्यावर उपग्रह गटांगळ्या खातो. त्याला एका दिशेला ठेवायला मोठ्या उपग्रहांत यंत्रं असतात, पण या पोरांकडे त्याला ना जागा, ना तेवढी वीज. म्हणून त्यांनी लोहचुंबक वापरला. होकायंत्राची सुई जशी आपोआप उत्तर-दक्षिण होते, तसा हा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकत्वाबरोबर आपोआप जुळून राहावा अशी ती सोय. आपण नाही का, फ्रीज नाही म्हणून माठाला ओलं फडकं गुंडाळतो? हाताशी आहे त्यात भागवायची ती अक्कल.

२२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या रॉकेटनं एकाच वेळी वीस उपग्रह वर नेले. त्यांत सातशे किलोहून जड असा मोठा उपग्रह होता, आणि त्याच्या सोबतीला एक किलोचा आपला स्वयम्. साधारण पाचशे किलोमीटर उंचीवर तो फिरू लागला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा प्रथम गेला. वजन दहा किलो. तो तर २००७ पासून चाललेला.

आता हिशेब करा. इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं. स्वयम् आठ वर्षं चालला, प्रथम नऊ वर्षं. म्हणजे ज्या पोरांनी काम सुरू केलं, ती पास होऊन केव्हाच बाहेर पडली. कोणी नोकरीला लागलं, कोणाचं लग्न झालं. उपग्रह उडाला तेव्हा कॉलेजात होती ती पोरं, जी काम सुरू झालं तेव्हा आपल्या गावातल्या पोरांसारखी शाळेत होती. शंभराहून जास्त विद्यार्थ्यांचे हात एका किलोच्या ठोकळ्याला लागले, आणि त्यातल्या पुष्कळांनी तो तयार झालेला आपल्या शिकण्याच्या वर्षांत पाहिलाच नाही.

मग हे काम मोडलं कसं नाही? आम्हाला वाटतं, याचं उत्तर आपल्या रजिस्टरमध्ये आहे. आमच्याच एका गटात सचिव ताई नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून गेल्या. हिशेब चोख होता, पण तो त्यांच्या डोक्यात होता. वहीत काय लिहिलंय ते त्यांनाच कळायचं. पुढे तीन महिने आमचा मेळ लागेना, दोन बायकांचं भांडण झालं ते वेगळंच. त्यानंतर आम्ही नियम केला, नवी सचिव निवडली की जुनीनं तीन बैठका तिच्या शेजारी बसायचं. लिहायचं नवीनं, बघायचं जुनीनं. जुनीनं पेन हातात घ्यायचं नाही.

कॉलेजातल्या उपग्रहाचंही असंच असतं. वरच्या वर्षाची मुलं खालच्या वर्षाच्यांना तयार करतात. काय केलं, का केलं, कुठं चुकलं, सगळं लिहून ठेवावं लागतं. मास्तर असतात, इस्रोचे शास्त्रज्ञ टप्प्याटप्प्यानं काम तपासतात. ते स्वतः तार जोडून देत नाहीत. ते विचारतात. ही तार गारठ्यात तुटली तर? बॅटरी अर्ध्यात संपली तर? रॉकेटच्या हादऱ्यानं हा स्क्रू सैल झाला तर? कारण एकदा वर गेलेल्या उपग्रहाकडे पाना घेऊन जाता येत नाही. म्हणून जमिनीवरच त्याला हलवून बघतात, तापवून बघतात, गारठवून बघतात, हवा काढलेल्या पेटीत ठेवून बघतात. पोरांना उत्तर येत नसेल तर परत जायचं, शोधायचं, पुन्हा यायचं. मास्तरांनी उत्तर सांगून टाकलं असतं तर काम कदाचित लवकर झालं असतं. पण मग तो विद्यार्थ्यांचा उपग्रह राहिला नसता.

हे बोट सोडणं सगळ्यात अवघड आहे. पोळी गोल होत नाही म्हणून पोरीच्या हातातलं लाटणं आपण किती पटकन काढून घेतो, आठवा.

आता शेवटची गोष्ट, ती खास आपल्या पोरींची. २०२२ साली देशाच्या स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली. त्या निमित्तानं चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडिया या संस्थेनं एक बेत केला. देशातल्या पंचाहत्तर सरकारी शाळा घेतल्या, खेड्यापाड्यांतल्यासुद्धा. प्रत्येक शाळेतल्या दहा मुली. साडेसातशे मुलींनी मिळून उपग्रहाचे पंचाहत्तर लहान भाग करायचे, एकेक भाग साधारण पन्नास ग्रॅमचा. ते सगळे जोडून आठ किलोचा उपग्रह, नाव आझादीसॅट.

७ ऑगस्ट २०२२. इस्रोचं एसएसएलव्ही नावाचं नवं, लहान रॉकेट पहिल्यांदाच उडत होतं. मुली श्रीहरिकोट्याला बघायला गेलेल्या. रॉकेट दिमाखात उडालं. टाळ्या झाल्या. आणि नंतर समजलं की उपग्रह जिथं सोडायचा तिथं सुटलाच नाही. साडेतीनशे किलोमीटरवर गोल फिरायला हवा होता, तो अशा लांबट वाटेवर गेला की एका टोकाला पृथ्वीपासून फक्त ७६ किलोमीटरवर येत होता. एवढ्या खाली हवेचं घर्षण होतं, तिथं उपग्रह टिकत नाही. तो खाली येऊन संपला. चूक मुलींची नव्हतीच. रॉकेटचे टप्पे सुटताना जो हादरा बसला, त्यानं रॉकेटमधल्या मोजमाप करणाऱ्या उपकरणांचं काही क्षण गणित चुकलं.

विचार करा, त्या मुली घरी कशा आल्या असतील. गावात एखादा तरी म्हणालाच असेल, बघा, पोरींच्या हातचं!

पण गोष्ट तिथं थांबली नाही. इस्रोनं बिघाड शोधला, दुरुस्ती केली. मुलींच्या मार्गदर्शकांनी पुन्हा जुळवाजुळव केली. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला तेच रॉकेट दुसऱ्यांदा उडालं आणि आझादीसॅट-२ साडेचारशे किलोमीटर उंचीवर नीट पोचला. वजन ८.७ किलो. त्यातही साडेसातशे मुलींचा हात होता.

आम्ही इथं एक खरं बोलणार आहोत. पन्नास ग्रॅमचा एक भाग दहा मुलींनी केला म्हणजे त्या दहाही जणी शास्त्रज्ञ झाल्या असं नाही. एक दिवसाचा सोहळा, फोटो, पेपरात बातमी, आणि पुढच्या जूनमध्ये त्यातलीच एखादी पोरगी शाळा लांब म्हणून घरी बसली, तर त्या पन्नास ग्रॅमचा उपयोग काय? खरं मार्गदर्शन फोटो काढून झाल्यावर सुरू होतं. तिच्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, पहिल्या नापासाच्या वेळी, लग्नाचं स्थळ आल्याच्या दिवशी. तिथं इस्रोचे साहेब येऊ शकत नाहीत. तिथं आपणच असतो.

आणि त्यासाठी फार मोठं असावं लागत नाही, हे कोल्हापूरच्याच एका थोर माणसानं दाखवलं. जयंत नारळीकर. एवढे मोठे खगोलशास्त्रज्ञ, पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही अशी देणार नाही. पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन आणि खाली सही करीन. मुलं प्रश्न पाठवायची, ते उत्तरं द्यायचे. एका पोस्टकार्डाचा खर्च! पण प्रश्न मुलानं शोधायचा, ही त्यातली मेख.

आपल्या मुलींसाठी आज काय काय आहे, तेही सांगून ठेवतो. वहीत लिहून घ्या. इस्रो २०१९ पासून युविका नावाचा कार्यक्रम घेते. नववीतल्या मुलांसाठी, साधारण दोन आठवडे, राहणं-खाणं इस्रोकडे. निवडीत ग्रामीण भागातल्या शाळेच्या मुलांना जादा गुण असतात. फॉर्म इस्रोच्या वेबसाइटवर ठरावीक दिवसांतच भरता येतो, म्हणून सरांना आधीच विचारून ठेवा. इन्स्पायर मानक योजनेत शाळेकडून मुलांच्या कल्पना पाठवल्या जातात आणि निवड झाली की नमुना बनवायला दहा हजार रुपये मिळतात. तुमच्या शाळेनं नावं पाठवली का, हे पालक सभेत विचारा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या दुर्बिणीच्या आवारात प्रदर्शन भरतं, तिथं खेड्यांतल्या शाळांची मुलंही आपापले प्रयोग मांडतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, एकदा पोरींना दाखवून आणा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि तो चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फीमध्ये मुलींना कोणती सवलत लागू आहे, ते प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर स्वतः जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर पोरीचं वर्ष घालवू नका.

आता आमच्या बैठकीकडे येतो. पुढच्या वेळी आम्ही या सगळ्या गोष्टी गटात सांगितल्या. चर्चचं ऐकून बायका हसल्या, धवनांचं ऐकून गप्प झाल्या. मग त्याच काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला उपग्रह कळायची गरज नाही. ती पडली की उचलायचं, एवढंच ना?" आम्ही म्हणालो, एवढंच, आणि मधे लाटणं काढून घ्यायचं नाही.

पंधरा हजारांचा ठराव झाला. सोबत आणखी तीन गोष्टी वहीत लिहिल्या. प्रवेशाला एक ताई तिच्याबरोबर जाईल. गावातली एक सून पुण्यात इंजिनिअर आहे, ती दर रविवारी पोरीला फोन करील. आणि विषय राहिला तर गटातली कोणीही टोमणा मारणार नाही, मारला तर पाच रुपये दंड.

पहिल्या सेमिस्टरला पोरगी गणितात राहिली. हिवाळी परीक्षेचा निकाल मोबाइलवर आला, तिनं फोन बंद करून ठेवला आणि शनिवारी घरी आली ती थेट कोपऱ्यात जाऊन बसली. वडील म्हणाले, "मी सांगत होतो." आईला काय बोलावं सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या. इंजिनिअरिंगच्या गणितातलं काकूंना काही कळत नाही, त्यांची शाळा चौथीला सुटली. त्या तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुझं पुस्तक उघड. मला सांग कुठं अडलं. मला कळणार नाही, पण तू सांग." पोरगी सांगायला लागली. सांगता सांगता तिला स्वतःलाच एक चूक सापडली. बाकीचं तिनं रविवारच्या फोनवर विचारलं.

त्या दिवशी वडिलांना पाच रुपये दंड मागायचा का, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. ते गटाचे सभासद नाहीत, म्हणून सोडून दिलं.

पोरगी उन्हाळी परीक्षेला पुन्हा बसली आहे. निकाल अजून यायचाय. काय लागला ते पुढच्या वेळी सांगू. तोवर तुमच्या गटात अशी एखादी पोरगी असेल, तर तिच्या घरी एकदा जाऊन या.